दोन वेळापत्रकांतील दिवसांचा हिशेब

प्रतिनिधी

घराचा ताबा कधी मिळणार, पूल वाहतुकीला कधी खुला होणार, कारखान्याचे नवे यंत्र कधी सुरू होणार, या प्रश्नांची उत्तरे आज बहुधा संगणकाच्या पडद्यावरील आडव्या पट्ट्यांत दडलेली असतात. प्रत्येक पट्टी म्हणजे एक काम आणि पट्टीची लांबी म्हणजे त्या कामाला लागणारा कालावधी. प्रकल्प सुरू होताना अशा पट्ट्यांचे एक वेळापत्रक मंजूर होते. तीन महिन्यांनी दुसरे येते, सहा महिन्यांनी तिसरे. मग बैठकीत एकच प्रश्न विचारला जातो, 'मागच्या आणि आताच्या वेळापत्रकात फरक किती?'

प्रश्न वजाबाकीचा वाटतो. प्रत्यक्षात या वजाबाकीवर कंत्राटदाराचा दंड, मुदतवाढीचा अर्ज आणि सदनिकाधारकाचे व्याज अवलंबून असते. ती चुकली, तर उशिराचा दोष भलत्याच्या माथी बसतो किंवा उशीर झालाच नाही, असे चित्र उभे राहते. म्हणूनच हा हिशेब नेमका कसा करतात आणि तो कुठे फसतो, हे जाणून घेणे अभियंत्यांइतकेच सामान्य ग्राहकांच्याही उपयोगाचे आहे.

पट्ट्यांचा पूर्वेतिहास

कामाचा कालावधी आडव्या पट्टीने दाखवण्याची पद्धत अमेरिकी अभियंता हेन्री गँट यांच्या नावाने ओळखली जाते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ती रूढ झाली. मात्र कोणते काम लांबल्यास संपूर्ण प्रकल्प लांबेल, हे नुसत्या पट्ट्यांवरून कळत नसे. ती उणीव १९५०च्या दशकाच्या अखेरीस भरून निघाली. ड्यूपाँ कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी 'क्रिटिकल पाथ' पद्धत विकसित केली. त्याच सुमारास, १९५८ साली, अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी 'पर्ट' ही पद्धत आकाराला आली.

वैयक्तिक संगणक आल्यावर हे गणित कचेरीतील टेबलावर पोहोचले. प्रिमाव्हेरा सिस्टिम्स ही कंपनी १९८३ मध्ये स्थापन झाली. पुढे २००८ मध्ये ती ओरॅकलने विकत घेतली. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टची पहिली आवृत्ती १९८४ मध्ये डॉससाठी आली. बांधकामापासून संगणकप्रणाली विकसनापर्यंत अनेक क्षेत्रांत आज ही दोन नावे परिचित आहेत.

'बेसलाइन' म्हणजे काय?

मंजूर झालेले वेळापत्रक गोठवून ठेवणे, याला 'बेसलाइन' म्हणतात. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये एका फाइलमध्ये अशा ११ बेसलाइन जतन करता येतात. बेसलाइन घेतली, की त्या क्षणीचा प्रत्येक कामाचा आरंभ, शेवट आणि कालावधी स्वतंत्र रकान्यांत नोंदला जातो. त्यानंतर चालू वेळापत्रकात कितीही बदल केले, तरी त्या नोंदी तशाच राहतात.

यावरून तीन फरक निघतात. चालू कालावधीतून बेसलाइनचा कालावधी वजा केला, की 'ड्युरेशन व्हेरिअन्स' मिळतो. चालू आरंभातून मूळ आरंभ वजा केल्यास 'स्टार्ट व्हेरिअन्स' आणि शेवटातून शेवट वजा केल्यास 'फिनिश व्हेरिअन्स' मिळतो. हे तिन्ही रकाने प्रणाली स्वतःच भरते.

या तिघांची गल्लत करणे, ही नवख्यांची पहिली चूक. समजा, गिलाव्याचे काम ४ दिवस उशिरा सुरू झाले आणि त्याला ठरल्यापेक्षा ३ दिवस जास्त लागले. तर शेवट ७ दिवसांनी पुढे गेला. यातील ३ दिवस गिलावा करणाऱ्याचे, उरलेले ४ त्याच्या आधी काम करणाऱ्याचे. काम 'सरकणे' आणि काम 'लांबणे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही वेळापत्रकांत एकच कॅलेंडर असेल आणि काम मध्येच खंडित झाले नसेल, तर आरंभाचा फरक अधिक कालावधीचा फरक म्हणजे शेवटाचा फरक, हे समीकरण जुळलेच पाहिजे. जुळले नाही, तर काहीतरी तपासायचे राहिले आहे, असे समजावे.

काम खंडित झाले, तर चित्र आणखी बदलते. २० दिवसांचे काम निम्म्यावर थांबले आणि आठवडाभराने पुन्हा सुरू झाले, तरी प्रणाली मधला आठवडा कालावधीत धरत नाही. कालावधी २० दिवसच राहतो, त्यातील फरक शून्य दिसतो. सरकतो तो केवळ शेवट. केवळ कालावधीचा रकाना पाहणाऱ्याला हा आठवडा कधीच दिसणार नाही.

दिवस नेमका किती तासांचा?

आता या हिशेबातील सर्वांत फसवा भाग. पडद्यावर '१० दिवस' असे दिसत असले, तरी मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट हिशेब मिनिटांत करते. एक दिवस म्हणजे ८ तास, अर्थात ४८० मिनिटे, असे प्रणालीत मुळात गृहीत धरलेले असते. त्यानुसार १० दिवस म्हणजे ४,८०० मिनिटे. मात्र हा 'दिवसाचे तास' पर्याय वापरणाऱ्याला बदलता येतो. एखाद्या फाइलमध्ये तो १० तास केला, तर तीच ४,८०० मिनिटे ८ दिवस म्हणून दिसू लागतात. काम तेच आणि त्याला लागणारी मिनिटेही तीच. तरीही कागदावर २ दिवस वाचल्याचा भास होतो.

मूळ वेळापत्रक सल्लागाराने ८ तासांच्या दिवसावर बेतले आणि सुधारित वेळापत्रक कंत्राटदाराने १० तासांच्या दिवसावर, तर दोन्हींची छापील वजाबाकी निरर्थक ठरते. त्यामुळे दोन फाइलींची तुलना करण्यापूर्वी दोन्हींमधील दिवसाचे तास, आठवड्याचे कामाचे दिवस आणि सुट्ट्यांचे कॅलेंडर पडताळून पाहावे. तास वेगळे असतील, तर दोन्ही कालावधी मिनिटांत किंवा तासांत आणावेत, वजाबाकी करावी आणि मगच उत्तर एका ठरलेल्या दिवसात मांडावे. प्रिमाव्हेरा कालावधी तासांत साठवते. तिथेही दिवसात रूपांतर करताना कोणते तास धरले, हा प्रश्न विचारावाच लागतो.

दुसरा फसवा प्रकार अखंड कालावधीचा. काँक्रीटला पाणी मारून ते ओलसर ठेवण्याचे काम रविवारी थांबत नाही. भारतीय मानक ४५६ नुसार साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी ही मुदत किमान ७ दिवसांची आहे. अशा कामांसाठी वेळापत्रकात दिवस-रात्र आणि सुट्ट्या धरून चालणारा, २४ तासांचा दिवस वापरतात. असे ७ दिवस म्हणजे १०,०८० मिनिटे. आता कोणी सरसकट सर्व कामांची मिनिटे ४८० ने भागली, तर या ७ दिवसांचे २१ दिवस होतात. अशी कामे हिशेबात वेगळी काढून त्यांना १,४४० ने भागणे, हाच उपाय.

अधिक म्हणजे उशीर की उणे?

चिन्हांबाबतही सावध राहायला हवे. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट चालू आकड्यातून मूळ आकडा वजा करते. त्यामुळे तिथे अधिक चिन्ह म्हणजे काम लांबले. प्रिमाव्हेरात मात्र कालावधीचा फरक काढताना बेसलाइनच्या आकड्यातून चालू आकडा वजा केला जातो. तिथे उणे चिन्ह म्हणजे काम लांबले. एकाच बैठकीत दोन प्रणालींचे तक्ते समोर आले आणि कोणी चिन्हांचा खुलासा केला नाही, तर एकाची प्रगती दुसऱ्याला पिछाडी वाटते. तक्त्याच्या माथ्यावर 'अधिक म्हणजे उशीर' असे एक वाक्य लिहिले, तरी हा गोंधळ टळतो.

दोन स्वतंत्र फाइली असतील तर

बेसलाइन एकाच फाइलमध्ये असेल, तर प्रणालीच उत्तर देते. व्यवहारात मात्र अनेकदा दोन स्वतंत्र फाइली हाती येतात. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टच्या २०१० व त्यानंतरच्या डेस्कटॉप आवृत्त्यांत 'कंपेअर प्रोजेक्ट्स' ही सोय आहे. दोन फाइली निवडल्या, की जुना आकडा, नवा आकडा आणि फरक असे रकाने असलेला तिसरा अहवाल तयार होतो. प्रिमाव्हेराच्या वापरकर्त्यांना असेच काम करणारे 'क्लेम डिगर' हे साधन परिचित होते. पुढे त्याची जागा नव्या तुलना-अहवालाने घेतली.

ही सोय हाताशी नसेल, तर एक्सेलचा मार्ग आहे. दोन्ही फाइलींतून कामाचा क्रमांक, नाव आणि कालावधी हे तीन रकाने बाहेर काढावेत. क्रमांकाच्या आधारे 'व्हीलुकअप' सूत्राने जुना कालावधी नव्याशेजारी आणावा आणि वजाबाकी करावी. कालावधीच्या आकड्यापुढे दिवसाचा शब्द जोडला जातो. अंदाजे धरलेल्या कालावधीपुढे प्रश्नचिन्हही येते. हे काढून निव्वळ आकडा उरवल्याखेरीज एक्सेलला वजाबाकी करता येत नाही.

इथे कोणता क्रमांक घ्यायचा, हे निर्णायक ठरते. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये डावीकडे दिसणारा क्रमांक हा केवळ ओळीचा क्रमांक असतो. मध्ये एक नवे काम घातले, की खालचे सर्व क्रमांक एकाने सरकतात. त्यावर विसंबल्यास पायाच्या कालावधीतून खोदकामाचा कालावधी वजा होतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. त्याऐवजी 'युनिक आयडी' हा रकाना घ्यावा. काम जन्माला आल्यापासून तो क्रमांक बदलत नाही. मात्र काम कापून किंवा नक्कल करून दुसरीकडे चिकटवले, तर नक्कलेला नवा क्रमांक मिळतो, हेही ध्यानात ठेवावे. प्रिमाव्हेरात 'ॲक्टिव्हिटी आयडी' हा दुवा वापरतात.

जुळणी झाल्यावर तीन याद्या हाती येतात. दोन्हीकडे असलेली कामे, केवळ जुन्यात असलेली कामे आणि केवळ नव्यात आलेली कामे. बहुतेकांचे लक्ष पहिल्या यादीवर असते. वादाचे मूळ मात्र बऱ्याचदा उरलेल्या दोन याद्यांत सापडते. मुदत टिकवण्यासाठी एखादे काम गुपचूप वगळलेले असते किंवा एकाच कामाचे दोन तुकडे केलेले असतात. वगळलेल्या कामापुढे 'शून्य फरक' लिहिणे ही चूक होय. तिथे 'काम नाही' असेच लिहावे.

आणखी एक पथ्य. ठळक अक्षरांतील शीर्षक-कामे, उदाहरणार्थ 'पाया' किंवा 'अंतर्गत सजावट', ही बेरजेत धरू नयेत. शीर्षकाचा कालावधी हा त्याखालील पहिल्या कामाच्या आरंभापासून शेवटच्या कामाच्या अखेरीपर्यंतचा असतो. पोटकामांचे फरक आणि शीर्षकाचा फरक एकत्र मिळवल्यास उशिराची मोजणी दुबार होते.

बेरीज २०, उशीर शून्य

सर्व फरक अचूक निघाले, तरी त्यांची बेरीज म्हणजे प्रकल्पाचा उशीर नव्हे. हा मुद्दा एका कल्पित सात मजली इमारतीच्या उदाहरणाने पाहू. समजण्यास सोपे जावे म्हणून कामे एकापाठोपाठ एक धरली आहेत.

मूळ वेळापत्रकात खोदकाम २० दिवस, पाया ३० आणि स्लॅब ९८ दिवस. त्यानंतर दोन वाटा. एका वाटेवर विटकाम ६० आणि गिलावा ४०, मिळून १०० दिवस. दुसऱ्या वाटेवर लिफ्ट बसवणे ७० दिवस. दोन्ही वाटा संपल्यावर रंगकाम २० दिवस. लांब वाट १०० दिवसांची असल्याने एकूण कालावधी २० अधिक ३० अधिक ९८ अधिक १०० अधिक २०, म्हणजे २६८ दिवस. लिफ्टच्या वाटेला ३० दिवसांची सवड आहे. हिलाच 'स्लॅक' किंवा 'फ्लोट' म्हणतात.

सुधारित वेळापत्रकात खोदकाम २६ दिवसांचे झाले, म्हणजे ६ दिवस जास्त. विटकामावर माणसे वाढवून ते ५४ दिवसांवर आणले, म्हणजे ६ दिवस कमी. लिफ्टच्या कामाला ९० दिवस लागतील असे दिसते, म्हणजे २० दिवस जास्त. फरकांची बेरीज अधिक २०. पण प्रकल्पाचा एकूण कालावधी? २६ अधिक ३० अधिक ९८ अधिक ९४ अधिक २०, म्हणजे पुन्हा २६८ दिवस. शेवटच्या तारखेत एका दिवसाचाही फरक नाही.

तर मग सारे आलबेल आहे काय? तसे नाही. लिफ्टची सवड ३० दिवसांवरून ४ वर आली आहे. पुढील महिन्यात लिफ्टचे काम आणखी १० दिवसांनी लांबले, तर लिफ्टची वाट १०० दिवसांची होऊन विटकाम-गिलाव्याच्या ९४ दिवसांना मागे टाकेल. प्रकल्प २७४ दिवसांचा होईल. लांबलेल्या १० दिवसांपैकी ४ सवडीत मुरतील आणि ६ अखेरच्या तारखेवर येतील. यातून एक नियम काढता येतो. कालावधीतील फरकाच्या रकान्याशेजारी सवडीचा रकाना नेहमी ठेवावा. ज्या कामाची सवड संपली आहे, त्याचा एक दिवस हा प्रकल्पाचा एक दिवस असतो. ज्याला सवड आहे, त्याचा फरक हा इशारा असतो.

पुसलेली बेसलाइन

या साऱ्या हिशेबाचा पाया बेसलाइन आहे आणि तोच सर्वांत सहज हलवता येतो. काम मागे पडल्यावर कोणी जुन्या बेसलाइनवरच नवी बेसलाइन घेतली, तर चालू आणि मूळ आकडे एकच होतात. सर्व फरक शून्य दिसतात. उशीर झालेला असतो, परंतु त्याची नोंद पुसली जाते. खरोखर नवी मुदत मंजूर झाली असेल, तर नवी बेसलाइन घेण्यात गैर काही नाही. मात्र ती दुसऱ्या क्रमांकाच्या बेसलाइनमध्ये घ्यावी, पहिली जपून ठेवावी आणि मंजुरीची तारीख व कारण लेखी नोंदवावे.

चालू कामांची नोंदही तितकीच महत्त्वाची. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये कालावधी म्हणजे झालेला कालावधी अधिक उरलेला कालावधी. २० दिवसांच्या कामाचे १५ दिवस उलटले, काम मात्र अर्धेच झाले, आणि उरलेला कालावधी कोणी सुधारलाच नाही, तर फरक शून्यच दिसत राहतो. उशीर उघड होतो तो शेवटच्या दिवशी. म्हणून प्रत्येक आढाव्यात 'किती टक्के झाले' यापेक्षा 'आणखी किती दिवस लागतील' हा प्रश्न विचारणे अधिक उपयुक्त ठरते.

कायद्याच्या तराजूत

बांधकाम करारांत उशिरासाठी दर दिवसाला किंवा दर आठवड्याला ठरावीक भरपाई लिहिलेली असते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ मध्ये अशा आगाऊ ठरलेल्या भरपाईची तरतूद आहे. कोणत्या दिवसांचा दोष कोणाचा, हे ठरवताना वेळापत्रकांची तुलना हाच मुख्य पुरावा असतो. ब्रिटनच्या सोसायटी ऑफ कन्स्ट्रक्शन लॉ या संस्थेने उशिराच्या विश्लेषणासाठी मार्गदर्शक संहिता २००२ मध्ये प्रसिद्ध केली आणि २०१७ मध्ये तिची दुसरी आवृत्ती काढली. वेळापत्रक नियमित अद्ययावत करून प्रत्येक आवृत्ती जपावी, हा या संहितेतील महत्त्वाचा आग्रह आहे.

घर घेणाऱ्यांच्या दृष्टीने २०१६ चा स्थावर संपदा कायदा महत्त्वाचा. महाराष्ट्रात मे २०१७ पासून 'महारेरा'चे काम सुरू झाले. प्रकल्पाची नोंदणी करताना बांधकाम व्यावसायिकाला पूर्णत्वाची मुदत जाहीर करावी लागते आणि दर तिमाहीला प्रगतीची माहिती संकेतस्थळावर द्यावी लागते. करारातील तारखेला ताबा न मिळाल्यास, प्रकल्पातून बाहेर न पडणाऱ्या ग्राहकाला कलम १८ नुसार ताबा मिळेपर्यंत दर महिन्याच्या विलंबाचे व्याज मागता येते. इथे ग्राहकाची बेसलाइन म्हणजे करारातील तारीख. व्यावसायिकाने पुढे कितीही सुधारित वेळापत्रके दाखवली, तरी आपली वजाबाकी त्या तारखेपासूनच करायची, हे ग्राहकाने विसरू नये.

शेवट कशाला म्हणायचे, हेही आधी ठरलेले बरे. वांद्रे-वरळी सागरी सेतूच्या पहिल्या चार मार्गिका ३० जून २००९ रोजी खुल्या झाल्या आणि आठही मार्गिका २४ मार्च २०१० रोजी. या दोन तारखांत २६७ दिवसांचे अंतर आहे. प्रकल्प 'पूर्ण' कोणत्या दिवशी झाला, या प्रश्नाच्या उत्तरानुसार उशिराचा आकडा तेवढ्याने बदलतो. इमारतीबाबतही बांधकाम संपणे, भोगवटा प्रमाणपत्र मिळणे आणि किल्ली हाती पडणे, या तीन वेगळ्या तारखा असतात.

हे लक्षात ठेवा

- तुलनेपूर्वी दोन्ही वेळापत्रकांतील दिवसाचे तास, आठवडा आणि सुट्ट्या तपासा.
- कामांची जुळणी ओळीच्या क्रमांकाने नव्हे, तर न बदलणाऱ्या क्रमांकाने करा.
- वगळलेली आणि नव्याने आलेली कामे स्वतंत्र यादीत मांडा.
- शीर्षक-कामे बेरजेत धरू नका.
- कालावधीच्या फरकाशेजारी सवड आणि शेवटाचा फरक ठेवा.
- अधिक-उणे चिन्हांचा अर्थ तक्त्यावरच लिहा.
- पहिली बेसलाइन कधीही पुसू नका.

संगणक वजाबाकीत चुकत नाही. कशातून काय वजा करायचे, हे मात्र माणसालाच ठरवावे लागते. पुढच्या बैठकीत कोणी 'फरक शून्य आहे' असे सांगितले, तर समाधान मानण्यापूर्वी एक साधा प्रश्न जरूर विचारावा, 'ही बेसलाइन कोणत्या तारखेची?'